काळं फासायचंच तर कुठल्या कागदाला?

ब्लॅकआउट पोएट्रीचा विषय निघाला की साधारण एकच स्टोरी ऐकायला मिळते. ऑस्टिन क्लीऑन नावाचा अमेरिकन पोरगा, २००५ साल, नुकतंच कॉलेज संपलेलं, लिहायला बसलाय पण काही म्हणजे काही सुचत नाहीये, शेजारी न्यूयॉर्क टाइम्सच्या रद्दीचा गठ्ठा, मग त्याने जाड काळा मार्कर उचलला आणि पानावरचे नको ते शब्द काळे करत सुटला, जे थोडे उरले ते सलग वाचले तर कविता. २०१० ला त्याचं पुस्तक आलं, मग शाळांमधले वर्कशॉप, मग पिंटरेस्ट, इन्स्टा, आणि आता कुणीही जुन्या कादंबरीचं पान फाडतं, त्यावर वेलबुट्टी काढतं, मधे 'मी', 'पाऊस', 'एकटी' असे तीन शब्द मोकळे सोडतं आणि खाली हॅशटॅग टाकतं. चूक काही नाही त्यात, छान दिसतं. पण हा फॉर्म म्हणजे एवढंच, रद्दी अधिक मार्कर अधिक मूड, असा जो समज होऊन बसलाय ना तो मला साफ अमान्य आहे. ब्लॅकआउट कविता किती वजनाची होणार ते खालचा कागद ठरवतो. कुठलाही कागद चालेल असं ज्या दिवशी आपण म्हणायला लागलो त्या दिवशी हा फॉर्म रांगोळी क्लासमध्ये गेला. (रांगोळीवाल्यांनी राग मानू नये.)

क्लीऑनवर माझा राग नाही हां. उलट लोकांनी त्याला 'हे तर आधीच झालंय' असं टोकल्यावर तो स्वतःच मागे शोधत गेला आणि थेट अडीचशे वर्षं मागे पोचला. तिथे केलेब व्हाइटफोर्ड भेटतो. लंडनमधला वाइनचा व्यापारी, क्रेव्हन स्ट्रीटवर बेंजामिन फ्रँकलिनचा शेजारी. त्या काळच्या पेपरांचे कॉलम अगदी चिंचोळे असायचे, याने ते वरून खाली वाचायचे सोडून आडवे वाचायला घेतले, या कॉलमची ओळ संपली की सरळ शेजारच्या कॉलमच्या ओळीत शिरायचं, म्हणजे राजदरबाराच्या बातमीला कसल्यातरी जाहिरातीचं शेपूट लागणार. १७६६ मध्ये टोपणनावाने त्याने हे पब्लिक ॲडव्हर्टायझर पेपरात छापलं आणि लंडन हसलं. पुढे १९२० मध्ये ट्रिस्टन झारा हा 'दादा' नावाच्या कलाचळवळीतला कवी कवितेची रेसिपीच देतो, पेपर घ्या, कात्री घ्या, एक लेख निवडा, त्यातला शब्द न् शब्द कापा, पिशवीत टाकून हलकेच हलवा आणि एकेक चिठ्ठी काढत लिहून घ्या. १९५९ मध्ये पॅरिसच्या एका स्वस्तातल्या हॉटेलात ब्रायन गायसिन नावाचा चित्रकार चाकूने जाड कागद कापत होता, खाली अंथरलेले पेपरही कापले गेले आणि त्या पट्ट्या शेजारीशेजारी वाचून त्याला हसू आवरेना, त्याने ते विल्यम बरोज या लेखकाला दाखवलं आणि कट-अप म्हणून एक अख्खी पद्धत उभी राहिली. हे झालं गमतीचं घराणं. योगायोग, खोड्या, नव्या शक्यता. मला मनापासून आवडतं ते.

पण दुसरं एक घराणं आहे आणि त्याचं नाव कुणी वर्कशॉपमध्ये घेत नाही, कारण ते सेन्सॉरच्या ऑफिसातून सुरू होतं. छापील पानावर काळं फासायचं काम कवींच्या आधी कितीतरी वर्षं सरकारी माणसं करत होती, पगार घेऊन. झारच्या रशियात बाहेरून येणाऱ्या पेपरांतला आणि मासिकांतला नको तो मजकूर काळ्या शाईने झाकून टाकायचे, आणि त्या काळ्या पट्ट्यांना लोकांनी नाव ठेवलं होतं कॅव्हिअर. माशाची ती महागडी काळी अंडी असतात ना, ती. विनोदबुद्धी बघा लोकांची.

आणि या घराण्यातला सगळ्यात जुना कवी माझ्या मते हाइनरिश हाइने. जर्मनीत सेन्सॉरशिपचा कहर चालू होता, मजकूर कापला तर त्या जागी कवी-लेखक डॅश टाकायचे म्हणजे वाचणाऱ्याला कळायचं इथे काहीतरी होतं. १८२७ मध्ये हाइनेने आपल्या एका पुस्तकाचं बारावं प्रकरण असं छापलं की सुरुवातीला 'जर्मन सेन्सॉर' एवढेच शब्द, मग ओळीच्या ओळी नुसते डॅश, आणि त्या डॅशच्या रानात एकच शब्द जिवंत, 'मूर्ख'. सेन्सॉरने काही कापलेलंच नव्हतं, यानेच आपल्या हाताने कापल्याचं सोंग केलं. ही पहिली ब्लॅकआउट कविता म्हणायला माझी काही हरकत नाही, आणि बघा, तिच्यात पाऊसही नाही आणि एकटेपणही नाही. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९२४ मध्ये, मॅन रे नावाच्या कलावंताने एक कविता छापली तिच्यात सगळ्याच ओळी काळ्या, एकही शब्द शिल्लक नाही, फक्त ओळींची लांबी-आखूड दिसते.

आपल्याकडचं पान म्हणाल तर २८ जून १९७५ चा इंडियन एक्सप्रेस. २५ तारखेच्या रात्री आणीबाणी लागलेली, पेपरांवर सेन्सॉर बसलेला, आणि अग्रलेखाची जागा कोरी. त्याला कुणी कविता म्हणलं नाही आणि ती नव्हतीच, पण ती जागा वाचायची कशी हे वाचकाला कुणी शिकवावं लागलं नाही. पुढे सेन्सॉरने कोरी जागा सोडायलाच मनाई केली, म्हणजे काहीच न छापणं हेसुद्धा छापणंच आहे हे सरकारला बरोबर कळलं होतं. कधीकधी मला वाटतं या फॉर्मचे सगळ्यात चांगले समीक्षक सेन्सॉर खात्यातच बसले होते.

तर आता मुद्द्याचं. दुसऱ्या घराण्यात जे घडतं ते असं, की सत्तेचं हत्यार, म्हणजे खोडणं, कवी उचलतो आणि सत्तेच्याच कागदावर चालवतो. आणि हे जमलं की काय होतं त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ट्रेसी के. स्मिथची 'डिक्लरेशन', तिच्या २०१८ च्या संग्रहातली. ही कृष्णवर्णीय कवयित्री २०१७ ते २०१९ अमेरिकेची पोएट लॉरिएट, म्हणजे राष्ट्रकवी, होती. तिने कागद कुठला घेतला तर १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्यात वसाहतवाले इंग्लंडच्या राजाच्या नावाने तक्रारींची यादी वाचतात, त्याने हे केलं, त्याने ते केलं, आमचे समुद्र लुटले, आमचे किनारे उद्ध्वस्त केले, आमची शहरं जाळली. स्मिथ काय करते तर 'लुटले आमचे' पर्यंत येते आणि थांबते. एक आडवी रेघ. 'उद्ध्वस्त केले आमचे', परत रेघ. समुद्र, किनारे सगळं गेलं आणि 'आमचे' म्हणणारं तोंडच बदललं, आता ते गुलामांचं तोंड आहे. एकही नवा शब्द घातलेला नाही. आणि शेवट तर असा की मूळ वाक्यात तक्रार होती, राजाने आमच्या नागरिकांना भर समुद्रात कैद करून त्यांना आपल्याच देशाविरुद्ध शस्त्र धरायला लावलं. स्मिथने शस्त्र आणि देश दोन्ही उडवले, उरलं ते भर समुद्रात कैद केलेली माणसं आणि त्यांच्यावर लादलेलं काहीतरी, काय ते सांगायच्या आत कविता संपते.

आता यात खरी गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) पुढे आहे. जेफरसनने या जाहीरनाम्याचा जो कच्चा मसुदा केला होता त्यात गुलामांच्या व्यापारावर एक अख्खा परिच्छेद होता, राजालाच त्याबद्दल दोष देणारा. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो काढून टाकला. जेफरसननेच नंतर लिहून ठेवलंय की साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाची मर्जी राखायला तो खोडला गेला. आणि हा जेफरसन कोण, तर स्वतः आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगणारा. म्हणजे ज्या कागदावर स्मिथने खोडाखोड केली तो आधीच खोडलेला कागद होता, आणि जे तेव्हा खोडलं तेच तिने उरलेल्या शब्दांतून परत बाहेर काढलं. हे कुठल्याही रद्दी पेपराच्या पानावर होऊ शकलं असतं का? तोच मार्कर, तीच कवयित्री, तीच रेघ, पण खाली मंगळवारच्या पेपरातलं हवामानाचं पान असतं तर फार तर एक बरी कविता झाली असती.

दुसरं उदाहरण जास्त अंगावर येतं. १७८१ मध्ये झाँग नावाच्या ब्रिटिश गुलामजहाजावरच्या खलाशांनी एकशे तीसहून जास्त आफ्रिकन माणसं जिवंत समुद्रात फेकली. कारण सांगितलं पाणी संपत आलं होतं. लिव्हरपूलच्या मालकांनी मग इन्शुरन्सचा क्लेम लावला, माल गेला म्हणून, माणशी ३० पौंड. ज्युरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला, विमावाल्यांनी त्या निकालाला आव्हान दिलं, १७८३ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने परत खटला चालवा म्हणून सांगितलं. खुनाचा खटला कुणावर चाललाच नाही, सगळी चर्चा क्लेमची. या सगळ्याचा कोर्ट रिपोर्ट आहे जेमतेम दोनेक पानांचा. एम. नोर्बेसी फिलिप, जन्म टोबॅगोचा, राहते टोरांटोत, आधी वकिली केलेली, तिने ठरवलं की या निकालातले शब्द सोडून बाहेरचं काही वापरायचं नाही. मग ती ते शब्द तोडते, अक्षरं सुटी करते, पानभर विखरून टाकते, वाचताना अक्षरशः पाण्यात गटांगळ्या खाल्ल्यासारखं होतं. २००८ मध्ये ते पुस्तक आलं. काटेकोर बोलायचं तर हे मार्करवालं ब्लॅकआउट नाही, चुलत भावंड म्हणा, पण तत्त्व तेच की या कागदाने त्या माणसांना माल केलं, तर त्यांचं जे काही उरलंय ते याच कागदातून खरवडून काढावं लागणार. दुसरा कागदच नाही. त्या माणसांची नावंसुद्धा त्या रिपोर्टात नाहीत. फिलिपने पहिल्या भागात पानांच्या तळाशी बारीक अक्षरात नावं दिलीत, तिची तिनेच ठेवलेली.

रेजिनाल्ड ड्वेन बेट्स या अमेरिकन कवीचं थोडक्यात सांगतो कारण त्याचं वाचायलाच हवं. सोळाव्या वर्षी गाडी लुटली, आठेक वर्षं तुरुंग, नंतर येल विद्यापीठातून कायद्याची पदवी. २०१९ च्या संग्रहात त्याने जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत सडणाऱ्या गरीब लोकांच्या केसेसचे कागद घेतले आणि वकिली भाषा काळी केली. सरकार काळं करतं तेव्हा नावं आणि माणसं झाकतं, याने उलट केलं, कलमं झाकली आणि माणूस उघडा ठेवला. निकोल सीली या कवयित्रीने फर्ग्युसन या अमेरिकन शहराच्या पोलिसांवरचा अमेरिकन न्याय खात्याचा २०१५ चा शंभरेक पानांचा रिपोर्ट असाच हाताळलाय, पुस्तक २०२३ चं.

आता कुणीतरी म्हणणार, मग टॉम फिलिप्सचं काय? बरोबर प्रश्न आहे, माझ्या थिअरीला सगळ्यात मोठं भोक तेच. १९६६ मध्ये या ब्रिटिश चित्रकाराने पैज लावल्यासारखं ठरवलं, तीन पेन्सला जे पहिलं पुस्तक मिळेल त्यावर काम करायचं. लंडनच्या पेकहॅम भागात एका जुन्या सामानाच्या गोदामात त्याला डब्ल्यू. एच. मॅलॉकची १८९२ ची कादंबरी मिळाली, जी आज कुणाच्या लक्षातही नसती. सुरुवातीला त्याने नुसते शब्द खोडले, मग रंगवायला लागला, ३६७ च्या ३६७ पानं, शब्दांमधल्या पांढऱ्या फटींतून वाटा काढत नेऊन शब्द शब्दाला जोडायचा. त्यातूनच त्याला हिरो सापडला, टोज, कारण टुगेदर आणि ऑल्टुगेदर या इंग्रजी शब्दांच्या पोटात तो आधीपासून बसलेला होता. एवढ्यावर थांबला नाही, तीच पानं परत परत नव्याने केली, शेवटची आवृत्ती २०१६ ला, म्हणजे पन्नास वर्षं एकाच फडतूस कादंबरीवर. २०२२ मध्ये तो गेला. खालचा कागद कचरा आणि वरचं काम अफाट, मग माझं म्हणणं पडलं की.

पडलं थोडंसं, मान्य. पण त्याने पन्नास वर्षं दिली हे विसरून चालत नाही, आणि तो एकाच पुस्तकाला चिकटला. कुठलाही कागद उचलला खरा, पण नंतर तो कागद कुठलाही राहिला नाही, त्याने मॅलॉक इतका वाचला जितका मॅलॉकच्या आईनेही वाचला नसेल. इन्स्टावरच्या ब्लॅकआउटमध्ये मला नेमकं तेच दिसत नाही. खालचं पान वाचलेलंच नसतं, नजर फक्त सुटे सुंदर शब्द टिपत फिरते, 'चंद्र' दिसला की गोल. म्हणून मी सुधारून म्हणतो, कागद एक तर सत्तेचा हवा नाहीतर आयुष्य घालवण्याइतका तुमचा हवा.

एक आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो बाहेरच्या कुणाचा नाही, सोल्माझ शरीफ या इराणी आईबापांच्या अमेरिकन कवयित्रीचा आहे. २०१३ च्या एका निबंधात तिने सरळ विचारलं की सरकार खोडतं आणि कवीही खोडतो, हत्यार एकच, मग आपण कोणाच्या पंगतीला बसतोय हे कवीला माहीत आहे का? स्वतः तिने अमेरिकेच्या ग्वांटानामो तुरुंगातल्या कैद्याला बायकोने लिहिलेली पत्रं कल्पून कविता केली तेव्हा त्यात भोकं ठेवली, पण ती सेन्सॉरची भोकं म्हणून, कविता सुंदर व्हावी म्हणून नाही. मला वाटतं इथे एक साधी लाइन आखता येते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचा कागद खोडा, बिनधास्त. जिचं आधीच कुणी ऐकलं नाही तिची साक्ष, पीडितेचा जबाब, आत्महत्येची चिठ्ठी, हे काळं करून त्यातून आपली कविता काढणारा माणूस कितीही संवेदनशील असू दे, तो दुसऱ्यांदा तोंड दाबतोय. श्रीकांत रेड्डी या अमेरिकन कवीने खोडायला निवडलं ते कुर्ट वाल्डहाइमचं आत्मचरित्र, यूएनचा माजी सरचिटणीस, ज्याने दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्यातल्या आपल्या नोकरीचा महत्त्वाचा भाग वर्षानुवर्षं लपवला. ज्याने आपलंच आयुष्य खोडून लिहिलं त्याचं पुस्तक खोडायला घ्यायचं, ही निवडच अर्धी कविता झाली.

शाळेतल्या मुलांना हे करायला देऊ नका असं मी म्हणत नाहीये, द्या की. कोऱ्या कागदाची भीती जाते, मुलं शब्दांकडे बघायला शिकतात, ज्या पोराला निबंध लिहायचा कंटाळा तेही मार्कर दिला की तासभर शांत बसतं. पण दहावीच्या पुढच्या मुलांना, आणि मोठ्यांच्या वर्कशॉपमध्ये तर नक्कीच, फक्त क्लीऑन दाखवून घरी पाठवणं म्हणजे अर्धा इतिहास काळा करणं. हाइने दाखवा, अग्रलेखाची ती कोरी जागा दाखवा.

आणि मराठीत करायचं तर कागदांची काय टंचाई आहे का आपल्याकडे! माहिती अधिकार कायद्याचं कलम १० च असं आहे की देता न येणारा भाग वगळून उरलेला कागद अर्जदाराला द्यायचा, म्हणजे काळे पट्टे मारलेली पानं आपल्याला कायद्यानेच घरपोच मिळू शकतात. शासन निर्णय आहेत, भूसंपादनाच्या नोटिसा आहेत, विधानसभेतली लेखी उत्तरं आहेत. 'उपरोक्त विषयान्वये' आणि 'सदरहू' च्या रानात कुठेतरी एक माणूस अडकलेला असतो, त्याला शोधायला मार्करइतकं सोपं हत्यार नाही. शेतकरी आत्महत्या झाली की आपल्या राज्यात मदतीसाठी ती पात्र की अपात्र असं ठरवलं जातं, पात्र असेल तर घरच्यांना एक लाख. इंग्रजीत खोडायचं तर सहसा अख्खा शब्द खोडतात, कारण त्यांचे शब्द सुटे सुटे उभे असतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो, 'शेतकऱ्यास' मधलं 'स' उडवलं की मदत घेणारा नाहीसा होतो आणि वाक्य लोंबकळतं, आणि अशा यादीतल्या प्रत्येक 'अपात्र' मधला फक्त 'अ' काळा करत जा, बाकी काही करू नका, तेवढीच कविता. वरून शिरोरेषा आहे, काळं करताना तिचं काय करायचं, तोडायची की चालू ठेवायची, हाही प्रश्न रोमन लिपीवाल्यांना कधी पडलेला नाही, आपल्याला पडेल आणि त्याची उत्तरं आपल्यालाच काढावी लागतील.

सगळाच सत्तेचा मजकूर खोडून कवितेत बसवता येतो असंही नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, तिथे ओळी निवडत बसण्यात अर्थ नव्हता.

एक विनंती मात्र जे कुणी हे करतात त्यांना. कविता पोस्ट करताना खालचा कागद कुठला ते लिहा. कादंबरीचं पान असेल तर कुठली कादंबरी, शासन निर्णय असेल तर कुठल्या विभागाचा, क्रमांक आणि तारीख. आणि काळं एवढं गडद फासू नका की खालचं काहीच दिसणार नाही, शक्य असेल तर मूळ पानाचा फोटो पुढच्या स्लाइडला टाका, म्हणजे तुम्ही काय ठेवलं यासोबत काय उडवलं तेही लोकांना तपासता येईल.